बाजरीवरचं दळण

“वहिनी, कशावर दळू?” गिरणीवाल्या बबननं विचारलं.

मी डबा मांडीवर घेऊन बाकड्यावर बसले होते. घरून निघताना मामंजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले होते, “तासाभरात परत ये.” त्यातला पाऊण तास वीज यायची वाट बघण्यात गेला होता. आता वीज आली होती, पट्टा फिरत होता आणि माझा जीव टांगणीला लागला होता.

“आत्ता काय चाललंय?” मी विचारलं.

“बाजरी. तुमचं उपासाचं ना? मग सकाळी आणायचं. सकाळी दगड झाडून आधी वरई, राजगिरा काढतो. मग दिवसभर बाकीचं.”

प्रत्येक दळणाचं मूठ-दोन मूठ पीठ गिरणीच्या दगडांत मागं राहतं आणि ते पुढच्याच्या डब्यात उतरतं. म्हणून आमच्याकडं बायका आधी विचारतात, कशावर दळलं? गहू गव्हावर दळायचा, ज्वारी ज्वारीवर. उपासाचं पीठ तर धान्यावर दळायचंच नाही. मला हे सगळं माहीत होतं. न कळून काही झालं असं मी आजही म्हणणार नाही.

“उद्या सकाळी आणा की,” बबन म्हणाला.

“उद्या घट बसणार. आणि उद्या मला कोण सोडतंय?”

आमच्या घरचा कायदा गावाला ठाऊक होता.

“बाजरीवर निघेल हां,” तो म्हणाला.

“चालतं. दळा.”

पहिल्या दोन मुठी मी बाजूला काढून टाकल्या. त्या करड्या होत्या. पुढचं पांढरं आलं. जरा बारकाईनं बघितलं तर त्यातही कुठं कुठं करडी कणी दिसत होती. मी रसायनशास्त्राची दोन वर्षं शिकलेली, लग्न ठरलं म्हणून तिसरं राहिलेलं. पाच किलोत बाजरी ती किती, असा मी मनाशी हिशेब केला आणि झाकण लावलं. घरी पोचले तेव्हा मामंजी दाराशी बाज टाकून बसले होते. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. आमचं गाव मंचरच्या वर, पठारावर. पठार बटाट्याचं, आणि आम्हा पोखरकरांचं घर वेफर्सचं. पुढं राहतं घर, मागं पत्र्याची लांब शेड. शेडमध्ये सोलायचं यंत्र, चकत्या करायचं यंत्र, धुवायच्या टाक्या आणि दोन मोठ्या कढया. लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, चला, घरात कारखाना आहे, काहीतरी करायला मिळेल. सहा वर्षांत मी पुढच्या दारापासून मागच्या शेडपर्यंत चालत इतकी अंतरं कापली असतील की काशीला जाऊन आले असते.

पहिली दोन वर्षं बरी होती. मग धाकटे दीर, हिरामणभाऊजी, घर सोडून गेले. कढईपाशी बापलेकांचं वाजलं. त्यांना गाड्या दुरुस्त करायचं शिकायचं होतं, मामंजींना ते कढईपाशी हवे होते. मामंजींनी चार माणसांदेखत कानाखाली वाजवली. भाऊजींनी हातातला झारा ठेवला, चप्पल घातली आणि गेले. बावीस वर्षांचं पोर. कुणी म्हणे पुण्यात दिसला, कुणी म्हणे सुरतेला आहे. पत्र नाही, निरोप नाही.

त्या दिवसापासून मामंजींनी ठरवलं, घरातून एक गेला, आता दुसरं कुणी जायचं नाही. माझं माहेर नारायणगावला, सकाळी जाऊन संध्याकाळी परत. माझे यजमान टेम्पो घेऊन वेफर्स पोचवायला जात, तेही रात्री घरी हवेत. ह्यांचा स्वभाव मऊ. बापापुढं तोंड उघडायची वेळ आली की ह्यांना टेम्पोचं काहीतरी काम आठवायचं. बायकांना तर विहिरीवरही जोडीनंच पाठवायचे, एकटीला सोडलंच तर घड्याळ लावून. माणूस वाईट नव्हता, आज मला ते कळतं. पण तेव्हा मला त्या घरात श्वास पुरत नसे, आणि हे मी खोटं सांगत नाही, कधी कधी मी शेडमध्ये जाऊन पाण्याची मोटार चालू करायची आणि त्या आवाजात मोठ्यानं ओरडायची.

त्या मोटारीपाशीच मला सत्त्व सापडलं.

चकत्या धुतलेलं पाणी आणि सालं शेडमागच्या चरात जात. तिथं कुजत. शेजारच्या बायाबापड्या नाकाला पदर लावून भांडायला येत. एकदा चर तुंबला म्हणून मी ते पाणी दोन पिंपांत भरून ठेवलं आणि विसरले. दुसऱ्या दिवशी वरचं पाणी ओतलं, तर तळाशी चार बोटं पांढरा थर, हाताला घट्ट लागणारा. बटाट्याचं सत्त्व! इतकी वर्षं घरातून रोज वाहून जात होतं. मी तो थर तीनदा धुतला. पहिलं पाणी तांबूस निघालं, तिसरं नितळ. धोतरावर पसरून माळवदावर वाळवलं. पांढऱ्या वड्या झाल्या.

मग मला नादच लागला. सालं उकडून म्हशीला घालायला लागले, म्हशीनं तक्रार केली नाही. सत्त्वाची खळ केली, ह्यांच्या सदऱ्यांना घातली. त्याच खळीनं वेफर्सच्या पुड्यांना कागद चिकटवले. शेवटी पीठ करून त्याची धिरडी घातली.

“गटारीचं पीठ,” मामंजी म्हणाले. “आता गटार जेवायचं बाकी राहिलं होतं.”

पण सासूबाईंनी एक धिरडं खाल्लं. मग दुसरं मागून घेतलं. त्यांना साबुदाण्यानं पित्त व्हायचं.

सासूबाईंचं नाव पारूबाई. बोलणं कमी, काम बैलासारखं. मुलगा गेल्यापासून दर नवरात्रात त्या नऊ दिवस बसायच्या. घटापुढं घोंगडी टाकायची, रात्रंदिवस दिवा तेवत ठेवायचा, उंबरा ओलांडायचा नाही, दिवसातून एकदाच उपासाचं खायचं. मागणं एकच, हिरामण घरी यावा. तीन नवरात्रं झाली होती. हे चौथं.

त्याच सुमारास ह्यांनी आयुष्यातलं एक धाडस केलं. मी वर्तमानपत्रात एक जाहिरात वाचली होती. पुण्यात तीन महिन्यांचा अभ्यासक्रम, फळं-भाज्यांच्या कारखान्यात जे टाकून देतात त्यापासून वस्तू कशा करायच्या. मी अर्ज लिहिला आणि ह्यांनी तो सत्त्वाच्या बाटलीसकट मंचरहून गुपचूप पाठवला. उत्तर आलं. नमुना चांगला आहे, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हजर व्हा, न आल्यास जागा दुसऱ्यास देऊ.

मामंजींनी पत्र वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं. म्हणजे विषय संपला. मी रात्री जेवले नाही. दुसऱ्या दिवशी सासूबाई त्यांच्यापुढं जाऊन उभ्या राहिल्या. मी दाराआडून ऐकत होते.

“माझं नवरात्र नीट पार पडलं की शैलाला जाऊ द्यायचं,” त्या म्हणाल्या.

“अन् न्हाई पडलं तर?”

“तर नका जाऊ देऊ.”

देवीचं नाव मध्ये आलं म्हणून मामंजींना नाही म्हणता येईना. “पार पडलं तर,” ते म्हणाले. “एक बोट इकडं तिकडं झालं तर न्हाई.”

बाहेर येऊन सासूबाई मला म्हणाल्या, “यंदा उपासाला तुझंच पीठ खाईन. तेवढं दळून आण.”

म्हणून मी त्या अमावस्येला गिरणीत बसले होते.

पहिल्या दिवशी घट बसले. परडीत माती, मातीत सात धान्यं, वर कलश, त्यावर माळ. मी चुलीवर धिरडी घातली. सासूबाईंनी घोंगडीवर बसूनच पिठाचा डबा मागून घेतला. चिमूटभर पीठ बोटांत चोळलं.

“बारीक दळलंय,” त्या म्हणाल्या, आणि धिरडं खाल्लं.

त्यानंतरचे सात दिवस मी कुणाला सांगू शकणार नाही असे गेले. मामंजींनी ठरवून दिलं होतं, दिव्यापाशी शैला राहील. दिवा विझला तर नवरात्र मोडलं, म्हणून त्या खोलीतून चुलीपलीकडं मला हलायला बंदी. खोलीला खिडकी नाही. दोन समया, उदबत्तीचा धूर आणि आम्ही दोघी. सासूबाई उंबऱ्याला बांधलेल्या, मी दिव्याला. तेल घालायचं, काजळी झाडायची आणि दुपारी धिरडं करून त्यांच्यापुढं ठेवायचं. त्यांनी तुकडा मोडला की मला वाटायचं, आत्ता ओरडावं, खाऊ नका. मग वाटायचं, ओरडलीस की संपलं. तीन महिने पुणं संपलं, पुढचंही सगळं संपलं, मरेपर्यंत मोटारीपाशी ओरडत बस. मी तोंड मिटून घ्यायची. पहिल्या दिवशी गप्प राहिले, दुसऱ्या दिवशी पहिल्या दिवसाचं कसं सांगायचं म्हणून गप्प राहिले. मी असल्या गोष्टी मानणारी नव्हते. पण त्या मानत होत्या, आणि खात त्या होत्या.

“शैला,” एकदा त्यांनी विचारलं, “पुण्याला मोटारी दुरुस्त करायची दुकानं कुठल्या अंगाला गं?”

“सगळीकडं असतात, आई.”

“सगळीकडं व्हय,” म्हणाल्या आणि जप करायला लागल्या.

सातव्या माळेला त्यांनी मला पेटीतून भाऊजींचा पांढरा सदरा काढायला लावला. चार वर्षं तो घडीत होता.

“तुझी ती खळ घाल याला. दसऱ्याला आला तर घालायला नको?” त्या म्हणाल्या. “यंदा येतोय बघ. यंदा मला साबुदाण्याचा त्रास न्हाई, डोकं दुखलं न्हाई. सगळं असं निर्मळ चाललंय.”

मी सदरा खळीत बुडवला आणि पिळताना रडले. निर्मळ! भाऊजी आले नाहीत तर ते या बाईच्या हिशेबी माझ्यामुळं आले नसणार. मी पुण्यात वर्गात बसलेली असणार आणि ही इथं परत वर्षभर त्या घटाकडं बघत बसणार.

अष्टमीला मामंजी आणि हे माल घेऊन पुण्याच्या बाजारात गेले. दसऱ्याची गिऱ्हाइकी, त्यामुळं संध्याकाळपर्यंत येणार नव्हते. शेडला सुट्टी. देवीची ओटी भरायला मामंजींची थोरली बहीण, आमच्या आत्याबाई, आल्या होत्या. आत्याबाई म्हणजे सोवळ्याओवळ्याचं चालतंबोलतं कोर्ट. घरात पाऊल टाकलं की त्या आधी तांब्या कुणी भरला ते विचारायच्या. त्या हातपाय धुवायला मागं गेल्या. मी धिरड्याचं ताट घेऊन घटापाशी आले. सासूबाईंनी तुकडा मोडला आणि माझ्याच्यानं राहवलं नाही.

“आई, नका खाऊ. ते बाजरीवर दळलंय.”

त्यांचा हात थांबला.

“अमावस्येला. वीज नव्हती. मामंजींनी तास दिला होता. बबन नको म्हणत होता, मीच चालतं म्हटलं. पहिल्या दिवसापासून तुम्ही हेच खाताय. माझं चुकलं.”

त्यांनी तुकडा ताटात ठेवला. चेहऱ्यावर राग नव्हता. दमलेलं काहीतरी होतं.

“सांगितलंस कशाला?” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“मला पहिल्याच दिवशी कळलं. तीस वरसं दळणं करती मी. बोटात घेतलं की कशावर निघालंय ते सांगती. कुणी बोललं न्हवतं तोवर ते माझं अन् देवीचं होतं. तिनं अन् मी काय ते बघून घेतलं असतं. आता तू बोललीस.”

“आपल्या दोघींतच आहे, आई.”

त्यांनी माझ्या मागं बघितलं. दारात आत्याबाई उभ्या होत्या. पायावरून पाणी निथळत होतं.

“पारू,” आत्याबाई म्हणाल्या, “ठावं असून खाल्लंस?”

“खाल्लं, वन्सं.”

“बाजरी? घटापुढं बसून? आठ दिवस?”

“मग काय करू? दुसरं दळण आणायला हिला परत कोण सोडणार होतं? खाल्लं नसतं तर पहिल्याच दिवशी सगळ्यांनी विचारलं असतं, का खाईना. मग पहिल्याच दिवशी मोडलं असतं.”

“पोरासाठी बसलीस अन् सुनेसाठी बाटलीस!”

आत्याबाईंचा सूर चढत गेला. “भाऊ येऊ दे संध्याकाळी, त्याच्या कानावर घालते. नवरात्र मोडलं. पुढल्या वरसाला पुन्हा बस, नुसत्या पाण्यावर बस. अन् ही,” माझ्याकडं बोट करून, “ही आता कुठं जात न्हाई. गटारीचं पीठ करून देवीला बाटवणारी! हिला दार दाखवायचं न्हाई, दार लावून घ्यायचं.”

मी भिंतीला टेकून खाली बसले. मला वाटलं होतं, खरं सांगितलं की सुटेन. निदान मनातून तरी सुटेन. आता दोन्हीकडून कडी लागली होती. माझ्यावर, आणि माझ्यामुळं या बाईवरही. रडूसुद्धा येईना.

मग सासूबाईंनी विचारलं, “वन्सं, मोडलं म्हणता ना नक्की?”

“मोडलं म्हणजे मोडलं! त्यात काय राहिलंय?”

“बरं,” सासूबाई म्हणाल्या. त्यांनी दोन्ही हात जमिनीला टेकले आणि उठायला लागल्या. आठ दिवस बसलेले गुडघे उघडेनात. मी धरायला गेले तर म्हणाल्या, “मला नको धरू. तुझी पिशवी भर.”

“आई?”

“दोन लुगडी, ते पत्र. पत्र त्यांच्या काळ्या कोटाच्या खिशात आहे. एकची गाडी पुण्याला जाती. हडपसरला तुझी मावसबहीण आहे ना? दसऱ्यापर्यंत तिच्याकडं राहा.”

“पारू, खाली बस!” आत्याबाई ओरडल्या. “दिवा तेवतोय अजून!”

“तेच म्हणते,” सासूबाई म्हणाल्या. “तुम्ही बसा त्याच्यापाशी. घरात दुसरं कोण न्हाई. तेल त्या बुधल्यात आहे. विझला तर तुमच्या हातनं विझला म्हणतील.”

आत्याबाई दिव्याकडं बघत राहिल्या. त्यांना वाडीवस्तीवर ओरडत सुटायचं होतं, माणसं गोळा करायची होती. पण तेवत्या दिव्याला पाठ कशी दाखवणार? सबंध जन्मात त्यांनी दुसऱ्यांना जे नियम लावले ते त्या घटकेला त्यांच्याच पायात आले. त्या घोंगडीच्या कडेला टेकल्या आणि दोन्ही हातांचा दिव्याला आडोसा केला. मला त्या प्रसंगातही हसू फुटलं आणि मी ते ओठ चावून दाबलं.

सासूबाईंनी पदर नीट केला आणि उंबऱ्यापाशी आल्या. तिथं क्षणभर थांबल्या. मला वाटलं, आता मागं फिरतील. मनात एकदा असंही आलं की फिरल्या तर बरं, हे ओझं मला नको. त्यांनी घटाच्या दिशेनं हात जोडले, आणि आधी उजवं पाऊल बाहेर टाकलं.

आम्ही पेठेतून चालत निघालो. ऊन रखरखत होतं. आठ दिवस समईच्या उजेडात काढल्यामुळं दोघींना डोळे उघडवत नव्हते. नवरात्रात बसलेली बाई अष्टमीला भर दुपारी रस्त्यावर, म्हणून बायका ओट्यावरनं उठून उभ्या राहिल्या.

“पारूबाई, बाहेर कशा?” एकीनं विचारलं.

“सुनेला पोचवायला,” सासूबाई म्हणाल्या, जणू रोज कुणाला ना कुणाला पोचवतात.

थांब्यावर लिंबाखाली आम्ही उभ्या राहिलो. मी त्यांच्या पायांवर वाकले.

“आई, मी नाही जात. भाऊजींसाठी केलं ना तुम्ही हे सगळं? मी जागा सोडते. तुम्ही पुढच्या वर्षी बसा, मी तुमच्याजवळ बसेन. दळण सकाळी पहाटे उठून आणीन.”

“ऊठ,” त्या म्हणाल्या. “चार वरसं देवीला सांगून बघितलं. तिला तरी घट सोडून पुण्याला कुठं जाता येतंय? ती बी माझ्यावानी बसलेली.”

मी उठून पदरानं डोळे पुसले.

“आता तुला सांगते. तू तिकडं जाणार. सुट्टी असंल तेव्हा बघ. दुकानं सगळीकडं असतात म्हणालीस ना? सगळीकडं बघ. डाव्या भिवईवर खोक आहे त्याच्या, लहानपणी चकतीच्या यंत्राची लागलेली. दिसला तर ये म्हणू नको. नुसतं म्हण, आई बाहेर पडली होती.”

गाडी आली. त्यांनी मला दंडाला धरून वर चढवलं, आणि कंडक्टरला म्हणाल्या, “हिला पुण्याच्या अलीकडं उतरू देऊ नका. रडली तरी.”

मी तीन महिने पुण्यात काढले. मामंजींचं एक पत्र आलं, ते मी वाचून फाडलं. पंधरा दिवसांनी हे आले, माझ्या चपला आणि स्वेटर घेऊन. म्हणाले, “घरी फार तापलंय. तू राहा.” ह्यांच्या तोंडून निघालेलं ते सगळ्यात शूर वाक्य. पुढं आम्ही त्याच शेडमागं तीन हौद बांधले. धुण्याचं पाणी पहिल्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात नितळत जाई. सत्त्व लाँड्र्यांना, पुठ्ठ्याचे खोके करणाऱ्यांना, उपासाच्या पिठाला जायला लागलं. मामंजी आल्यागेल्याला हौद दाखवून “आमचं सत्त्व” म्हणत. मी नंतर पुण्यातच कारखान्यात लागले, आम्ही दोघं तिकडंच राहिलो, आणि पठारावर येत-जात राहिलो. मला हवं होतं ते सगळं मिळालं.

त्या तीन महिन्यांतल्या प्रत्येक रविवारी मी निघायची. नाना पेठ, भवानी पेठ, स्वारगेट, पुढं हडपसरच्या रस्त्यानं, नंतर पिंपरीपर्यंत. गाडीखाली झोपलेल्या माणसांचे पाय दिसत, मी तोंड दिसायची वाट बघत उभी राहायची. मालक विचारायचे, गाडी कुठंय बाई? नोकरी लागल्यावरही मी ते सोडलं नाही. भिवईवर खोक असलेली तीन माणसं मला भेटली. तिघांतलं कुणी हिरामण नव्हतं.

दर दोन-तीन महिन्यांनी मी घरी जायची. फाटक वाजलं की सासूबाई ओट्यावर यायच्या. त्या परत कधी नवरात्रात बसल्या नाहीत, त्यामुळं ओट्यावर यायला त्यांना आता कुठलाच दिवस वर्ज्य नव्हता. आल्या की आधी माझ्या मागं रस्त्यावर बघायच्या. थोडा वेळ, फार नाही. मग माझ्याकडं बघून हसायच्या आणि “आलीस?” म्हणून हातातली पिशवी घ्यायच्या.

सतरा वर्षं त्या तशा बघत राहिल्या. एकटीच आलीस का, असं त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.